मांजराचा सततचा हट्ट कसा हाताळावा

पहाटे साडेचारला चेहऱ्यावर पंजा ठेवून उठवणे, लॅपटॉप उघडताच कीबोर्डवर येऊन बसणे, न्हाणीघराचे दार लागले की बाहेरून आर्त ओरडणे, फोनवर बोलणाऱ्याच्या पोटरीला दात लावणे, टेबलावरचा पेला पंजाने कडेपर्यंत ढकलत नेणे: घरात मांजर असलेल्या बहुतेकांना यांपैकी किमान एक प्रकार चांगलाच परिचयाचा असतो. अशा वेळी घरात सहसा दोन मते पडतात. कुणी म्हणते, मांजर लाडावले आहे, त्याच्याकडे लक्षच देऊ नये; कुणी म्हणते, बिचारे भुकेले आहे, आधी त्याला काहीतरी घाला. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु यांपैकी कोणताही एकच उपाय धरून बसल्यास हट्ट कमी होत नाही. मांजराची गरज खरी असते, आणि ती गरज मांडण्याची रीत ते आपल्याच प्रतिसादांतून शिकलेले असते. त्यामुळे गरज पुरती भागवावी, मात्र ती मांजराने ओरडण्यापूर्वी आणि आपण ठरवलेल्या वेळी भागवावी, असे मला वाटते. पुढील सर्व सूचना या एका धोरणातूनच आलेल्या आहेत.

आधी प्रकृतीची खात्री

वागणूक सुधारण्याचे काम सुरू करण्यापूर्वी दुखण्याची शंका दूर करून घेणे आवश्यक आहे, विशेषतः आजवर शांत असलेले मांजर अचानक ओरडू लागले असेल तर. दहा वर्षांवरील मांजरांत थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागण्याचा विकार बऱ्याच वेळा आढळतो. अशा मांजराची भूक वाढते, ते सतत खायला मागते, रात्री घरभर फिरून मोठ्याने ओरडते आणि भरपूर खाऊनही त्याचे वजन घटत जाते. घरातल्यांना मात्र ‘म्हातारपणी हावरट झाले’ एवढेच दिसते. वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुना विकार, मधुमेह, सांधेदुखी, ऐकू येणे कमी होणे आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश यांमुळेही मांजराचे ओरडणे वाढू शकते. यांपैकी बहुतेक विकारांचा माग रक्त आणि लघवीच्या तपासणीतून व रक्तदाब मोजून काढता येतो, म्हणून वयस्क मांजराच्या बाबतीत केवळ वरवर पाहून समाधान मानू नये.

बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शौचाच्या पेटीत, जाऊन बसत असेल, कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबथेंब होत असेल किंवा होतच नसेल, तर तो हट्ट समजून एक रात्रही थांबू नये. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबल्यास २४ ते ४८ तासांत जिवावर बेतू शकते.

नसबंदी न झालेली भाटी माजावर आली की जमिनीवर लोळते, अंग घासते, मागचा भाग उंचावते आणि दिवसरात्र लांब सुरात ओरडत राहते. गर्भ न राहिल्यास हा काळ दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दिवस मोठे असल्यामुळे हे चक्र अनेक महिने चालू राहते. त्या ओरडण्यावर कोणतेही प्रशिक्षण चालत नाही. पाच महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यांच्या सल्ल्याने नसबंदी करून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे. नसबंदी न झालेल्या बोक्याची दाराशी चालणारी घालमेल बहुतांशी याच कारणाने असते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची पद्धत आहे, म्हणून भुकेविषयी थोडे सविस्तर लिहितो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये दाखवले गेले होते. हृदयाचे स्नायूही त्याच कारणाने दुबळे होतात, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय संशोधकांनी दाखवून दिले. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. असा आहार मिळणारे मांजर पोट भरलेले असूनही प्रथिनांसाठी आसुसलेले राहते. ओट्याभोवती घुटमळून सारखे मागणारे मांजर पुष्कळदा खरोखरच अर्धपोटी असते. घरात मांसाहार शिजत नसेल, तरी मांजरांसाठी मिळणारे, पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे नमूद केलेले तयार अन्न देता येते आणि त्यासाठी काही शिजवावे लागत नाही. मांजर पाळायचे ठरवले असेल, तर त्याच्यापुरती एवढी सोय करणे हे आपले कर्तव्यच आहे, असे मी मानतो.

हट्ट तयार कसा होतो

मांजर अनुभवातून कसे शिकते, हे समजून घेण्यासाठी १८९८ मधला एक प्रयोग उपयोगी पडतो. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना लाकडी फळ्यांच्या खोक्यात ठेवून बाहेर खाद्य मांडले. आतली दोरी ओढली किंवा पायपट्टी दाबली की दार उघडत असे. सुरुवातीला मांजर ओरबाडत, ढकलत, चावत राही आणि त्या धडपडीत कधीतरी योग्य जागी पंजा पडे. तोच प्रयोग पुनःपुन्हा केल्यावर निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि मांजर अल्पावधीत सुटू लागले. ज्या कृतीनंतर हवे ते मिळते ती कृती पुन्हा केली जाते, हा नियम थॉर्नडाइक यांनी यातून मांडला. आपले घर हेही मांजरासाठी असेच एक खोके असते: म्याव केल्यावर कुणी पाहत नाही, दार खरवडल्यावर ‘गप!’ असे कुणी म्हणते आणि पेला पाडल्यावर मात्र सगळे धावत येतात. मग पेला पाडण्याची कृती पक्की होते.

याला पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या संशोधनाने एक महत्त्वाची जोड दिली. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळते, कधी मिळत नाही अशा अनिश्चित बक्षिसाने पडलेली सवय कितीतरी अधिक चिवट असते. चार दिवस मन घट्ट करून पाचव्या दिवशी थकून उठणारा माणूस मांजराला नकळत हेच शिकवतो की, अजून थोडा वेळ ओरडत राहिल्यास यश येते. त्यामुळे अर्धवट पाळलेला निश्चय हा काहीच न करण्यापेक्षा अधिक अपाय करतो.

मांजरे माणसाचे लक्ष वेधण्यात मुळातच निपुण असतात. प्रौढ मांजरे एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. पिल्लू आईला ज्या आवाजाने हाक मारते, तो आवाज पाळीव मांजर आयुष्यभर माणसासाठी राखून ठेवते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या केरन मॅकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे दाखवले की, खायला मागतानाच्या घुरघुरीत काही मांजरे एक उंच सूर मिसळतात. त्या सुराची कंपने तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपास जातात आणि कधीही मांजर न पाळलेल्या श्रोत्यांनाही ती घुरघुर अधिक निकडीची व कमी सुखद वाटते. एवढ्या आर्जवी आवाजाकडे पाठ फिरवणे अवघड जाते, त्यात आपल्या मनाचा दुबळेपणा नाही. म्हणूनच ती वेळ येऊच नये अशी घराची घडी बसवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आधी निरीक्षण करावे

आठवडाभर एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मांजराने किती वाजता आणि कोणत्या प्रकारे मागणी केली, त्याच्या अगोदर घरात काय घडले होते, आणि घरातील माणसाने नेमके काय केले. तिसरी नोंद सर्वांत मोलाची असते आणि नेमकी तीच लिहायची राहून जाते. रागावणे, नाव घेऊन हाक मारणे, उचलून खाली ठेवणे, नुसते वळून पाहणे हे सारे प्रतिसादच आहेत आणि एकटेपणाला कंटाळलेल्या मांजराला त्यांपैकी कोणताही पुरतो. ही वही वाचताना सहसा हेही उघड होते की, मांजर घरातल्या प्रत्येकाकडे वेगळ्या गोष्टीसाठी जाते. आईकडे जेवणासाठी, मुलांकडे खेळासाठी आणि आजोबांकडे ताटातल्या माशाच्या तुकड्यासाठी. असे असेल तर पहिली बैठक मांजराबरोबर घेण्याऐवजी घरच्यांबरोबर घ्यावी लागते. आजोबांना ‘देऊ नका’ असे सांगण्यापेक्षा, संध्याकाळी सात वाजता मिठाशिवाय उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे त्याच्या वाटीत घालण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. त्यांचा लोभही राहतो आणि ताटाशी जोडलेली सवयही सुटते. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हा बेत नीट समजावून सांगावा, कारण दिवसा अनेक घरांत मांजराचा सर्वाधिक सहवास त्यांच्याशीच असतो.

दिवसाची घडी

निसर्गात मांजर दिवसातून एकदोनदा पोटभर जेवत नाही. ते लहान लहान शिकारी करून अनेकदा थोडे थोडे खाते. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात आणि ४ किलो वजनाच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात, यावरून त्याच्या पोटाची रचना कशासाठी आहे ते कळते. म्हणून दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि ते चार-पाच वेळांत विभागावे. कोरडे खाणे असल्यास एवढ्या वजनाच्या मांजराला सुमारे ६० ग्रॅम पुरते, तरीही पाकिटावरील आकडा पाहावा आणि वजनावर लक्ष ठेवावे. डब्यातून मोजून दिल्याचा मोठा लाभ असा की, मांजराने कुणाकडेही कितीही गयावया केली, तरी ‘याने खाल्ले की नाही?’ हा प्रश्नच घरात उरत नाही.

यातील काही भाग वाटीत न घालता शोधायला लावावा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरड्या खाण्याचे दहा-पंधरा दाणे टाकून वर कागदाचे बोळे ठेवले, किंवा झाकणाच्या डब्याला दाण्याहून थोडी मोठी भोके पाडून तो लोळवायला दिला, तर दोन मिनिटांत संपणाऱ्या जेवणात मांजर पंधरा-वीस मिनिटे गुंतून राहते. सुरुवातीला भोके मोठी ठेवावीत, कारण पहिल्याच प्रयत्नात यश न आल्यास काही मांजरे त्याकडे पुन्हा फिरकत नाहीत. आपण कामाला बसण्यापूर्वी असा डबा ठेवणे हा कीबोर्डवरच्या हट्टावरचा निम्मा उपाय आहे.

खेळाची वेळही जेवणाइतकीच ठरलेली असावी. सकाळी आणि रात्री प्रत्येकी दहा ते पंधरा मिनिटे, पण त्या वेळात फोन बाजूला ठेवून, पूर्ण लक्ष देऊन खेळावे. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला पीस किंवा कापडाचा तुकडा बांधून तो सावजासारखा हलवावा: मांजराच्या तोंडासमोर नाचवण्याऐवजी त्याच्यापासून दूर न्यावा, गादीमागे लपवावा, क्षणभर निश्चल ठेवावा. दबा धरणे, झेप घेणे, पकडणे आणि चावणे हा क्रम पूर्ण होऊ द्यावा, शेवटची पकड मांजराची असावी आणि खेळ संपताच त्याला जेवायला द्यावे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप ही मांजराची नैसर्गिक साखळी आहे आणि ती पूर्ण झाली की ते आपणहून स्वस्थ होते. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नसल्यामुळे काही मांजरे त्याने अधिकच अस्वस्थ होतात. तो वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर आणून थांबवावा. खेळ संपल्यावर दोरी कपाटात बंद करावी. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडे चुणीसारखे गोळा होते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. संक्रांतीनंतर गच्चीत किंवा गॅलरीत पडून राहिलेला मांजाही त्याच कारणासाठी उचलून टाकावा.

उंच जागा आणि खिडकी यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, पुस्तकांच्या कपाटावरची एक मोकळी फळी, नखे घासण्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब आणि बाहेरचे पक्षी दिसतील अशी एक खिडकी एवढे प्रत्येक घरात जमू शकते. खिडकी आणि गॅलरीला मजबूत धातूची जाळी असणे मात्र अनिवार्य आहे, कारण कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते.

पहाटेचे उठवणे

सर्वाधिक घरे ज्याने हैराण होतात, तो हा प्रकार. मांजर स्वभावतः पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे संधिप्रकाशाच्या वेळी, सर्वांत चपळ असते, त्यामुळे साडेचार-पाचला त्याने जागे होणे हे बदलता येत नाही. त्याने आपल्याला जागे करणे मात्र निश्चितपणे बदलता येते.

यातला पहिला बदल रात्रीचा आहे. संध्याकाळी आठला दिलेल्या जेवणानंतर थेट सकाळपर्यंत उपास पडत असेल, तर त्यातला मोठा भाग साडेदहा-अकराच्या सुमारास, जोमदार खेळानंतर द्यावा. दुसरा बदल सकाळचा. बहुतेक घरांत माणूस उठला की लगेच मांजराची वाटी भरली जाते आणि त्यामुळे माणसाला उठवणे हाच जेवण मिळवण्याचा मार्ग ठरतो. तो दुवा तोडावा. आपण उठावे, दात घासावेत, चहा ठेवावा, दूध तापवावे आणि अर्ध्या तासाने, मांजर शांत बसलेले असताना वाटी भरावी. काही आठवड्यांत मांजर पलंगापाशी ताटकळण्याचे सोडून स्वयंपाकघरात वाट पाहू लागते.

ज्यांना परवडेल त्यांनी वेळ लावता येणारे खाद्ययंत्र जरूर घ्यावे. माझ्या मते या एका समस्येवर त्याच्याइतका परिणामकारक खर्च दुसरा नाही. मांजर साडेचारला उठवत असेल तर यंत्राची वेळ सव्वाचारची लावावी, म्हणजे मागणीपूर्वीच अन्न पडेल आणि मांजराचे डोळे माणसाऐवजी यंत्राकडे लागतील. चार-पाच दिवस ओरडणे पूर्ण थांबल्यावर दर तीन-चार दिवसांनी ती वेळ दहा मिनिटांनी पुढे सरकवत न्यावी. घाई केली आणि ओरडणे परतले, तर एक पायरी मागे यावे.

एवढी तयारी झाल्यावरच पहाटेच्या ओरडण्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. पूर्ण दुर्लक्ष म्हणजे डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही, बोलायचे नाही, ढकलायचे नाही. कानात बोळे घालावेत किंवा पंख्याचा वेग वाढवावा. पायाची बोटे चावण्याची सवय असेल तर उन्हाळ्यातही जाडसर चादर घ्यावी. शयनगृहाचे दार बंद ठेवायचे असल्यास मांजराचे पाणी, लिटर बॉक्स आणि झोपण्याची जागा बाहेर असावी, आणि दार खरवडू नये म्हणून दाराच्या खालच्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. काही कारणाने दार उघडणे भागच असेल, तर ओरडणे थांबून काही क्षण शांतता होईपर्यंत थांबावे आणि मगच उघडावे.

सुरुवातीच्या दिवसांत ओरडणे आधी वाढते, हे घरातील प्रत्येकाने मनाशी पक्के करून ठेवावे. आजवर चालणारा उपाय अचानक चालेनासा झाला की कोणताही प्राणी तोच उपाय अधिक जोराने करून पाहतो. मोठ्याने ओरडेल, छातीवर उड्या मारेल, पूर्वी कधी न पाडलेल्या वस्तू पाडेल. याच टप्प्यावर बहुतेक लोक हार मानतात आणि मांजराला सर्वांत मोठ्या आवाजाचे बक्षीस देऊन बसतात. निग्रह टिकला तर साधारण दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो, वर्षानुवर्षांची सवय असेल तर अधिक काळ लागतो. म्हणून सुरुवात कधी करायची, हे विचारपूर्वक ठरवावे. मुलांची परीक्षा, पाहुण्यांचा मुक्काम किंवा फटाक्यांमुळे मांजर आधीच भेदरलेले असते तो दिवाळीचा आठवडा यासाठी टाळावा, आणि सोसायटीत भिंतीला भिंत लागून असेल तर शेजाऱ्यांना आधीच विश्वासात घ्यावे.

कामाचे टेबल, ओटा आणि पाडलेल्या वस्तू

कीबोर्डवर बसणाऱ्या मांजराला तिथून दर वेळी उचलून खाली ठेवणे हा त्याच्या दृष्टीने खेळच होतो. त्याऐवजी टेबलाच्याच कडेला, आपल्या हाताच्या अंतरावर, कडा उंच असलेला एक खोका किंवा जुनी शाल घातलेला ट्रे ठेवावा. मांजर त्यात बसले की न बोलता एखादा दाणा द्यावा किंवा हनुवटीखाली हळूच खाजवावे. कीबोर्डवर आले तर हात मागे घेऊन स्तब्ध राहावे किंवा उठून अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जावे. आपल्याजवळ बसण्याची त्याची इच्छा मान्य करून जागा तेवढी आपण ठरवायची असते.

ओट्यावर चढणाऱ्या मांजराच्या बाबतीत धोका गॅसचा आणि सुरीचा असल्याने केवळ दुर्लक्ष पुरत नाही. ओट्यावर उघडे अन्न ठेवू नये, मासे साफ करताना दार लावावे आणि स्वयंपाक चालू असताना त्याला बसण्यासाठी ओट्यापासून दूर एक उंच स्टूल नेमून द्यावे. पेले आणि शोभेच्या वस्तू पाडणाऱ्या मांजराच्या घरात महिनाभर टेबल मोकळे ठेवणे, पडलेली वस्तू मांजर निघून गेल्यावर शांतपणे उचलणे आणि दिवसातला खेळ वाढवणे एवढे पुरेसे होते.

शांतपणाला दाद द्यावी

हट्टाला प्रतिसाद द्यायचा नाही, एवढेच मांजराला सांगितले तर त्याच्या हाती काही उरत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मांजरांचे आपल्या माणसाशी सुरक्षित जवळिकीचे नाते दिसून आले; माणूस जवळ आला की ती निर्धास्त होऊन पुन्हा भोवतालचा शोध घेऊ लागत. सहवासाची त्यांची मागणी खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मांजर गप्प बसलेले, खिडकीतून पाहत असलेले किंवा खेळण्याशी खेळत असलेले दिसले की आपण आपणहून त्याच्याकडे जावे, मऊ आवाजात नाव घ्यावे, हात पुढे करावा. नेमक्या या वेळी ‘आता शांत आहे, कशाला छेडा’ असे म्हणून आपण लांब राहतो आणि शांत राहण्याचा मांजराला काहीच लाभ होत नाही.

कुरवाळतानाही त्याचा कल पाहावा. डोळा आणि कान यांमधला भाग, गाल आणि हनुवटी येथे स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो, शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर तो अनेकांना नकोसा होतो. थोडे कुरवाळून थांबावे. त्याने डोके पुढे केले तर पुन्हा सुरू करावे. शेपटी आपटू लागली किंवा कान मागे गेले तर लगेच हात काढावा. खेळता खेळता हात किंवा पाय चावू देण्याची सवय पिल्लू असतानाही लावू नये.

मागण्यासाठी एखादी शांत कृती शिकवता आली तर दोन्ही पक्षांचा त्रास वाचतो. जमिनीवर एक छोटी चटई टाकावी. मांजराने तिच्याकडे पाहिले की एक दाणा, पाय ठेवला की एक दाणा, पुढे बसले तरच दाणा, अशा पायऱ्यांनी दिवसातून दोनदा तीन-चार मिनिटे सराव घ्यावा. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांतच मिळाले पाहिजे, अन्यथा ते कशासाठी मिळाले हे मांजराला कळत नाही. हे दाणेही दिवसाच्या मोजलेल्या डब्यातूनच घ्यावेत. चटईवर बसणे पक्के झाले की जेवण, खेळ आणि लाड हे तिघेही त्या चटईवरूनच मिळू द्यावेत.

जे करू नये

तोंडावर पाणी फवारणे, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणे, मान धरून हलवणे किंवा अंधाऱ्या खोलीत कोंडणे यांमुळे मांजर हट्ट सोडत नाही. ते त्या माणसाला घाबरू लागते, लपते किंवा लिटर बॉक्सबाहेर लघवी करू लागते. झोप यावी म्हणून माणसांचे कोणतेही औषध देऊ नये. ताप आणि अंगदुखीसाठी घरोघरी असणारे पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. केवळ सोबत मिळून हट्ट थांबेल या आशेने दुसरे मांजर आणू नये, कारण प्रौढ मांजर नवागताला सहजासहजी स्वीकारत नाही आणि दोघांचे भांडण हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. पिल्ले मात्र सुरुवातीपासून दोन असतील तर ती एकमेकांत रमतात आणि माणसावरचा भार पुष्कळ हलका होतो.

म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत दुर्लक्षाचा नियम लागू करू नये. तपासणीत स्मृतिभ्रंश किंवा दृष्टी मंदावल्याचे निष्पन्न झाले असेल, तर रात्री दोन वाजता बोळकांडीत उभे राहून त्याने दिलेली हाक ही सवयीची नसते. आपण कुठे आहोत हेच त्याला उमगत नसते. अशा मांजरासाठी लिटर बॉक्सपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा, बॉक्सची एक कड बुटकी करावी, फर्निचरची जागा बदलू नये, अंथरूण आपल्या पलंगाजवळ आणावे आणि हाक आली की नाव घेऊन उत्तर द्यावे. त्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यावी आणि रात्रीच्या ओरडण्याची वही त्या भेटीत पशुवैद्यांना दाखवावी, म्हणजे औषधाचा उपयोग होतो आहे की नाही, हे त्यांना तारखांनिशी पाहता येते.